दोन अंगांत राहिलेली

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. माझं वय बेचाळीस आहे आणि ज्या अंगात मी राहते ते अंग चौतीस वर्षांचं आहे. हे गणित तुम्हाला चुकलेलं वाटेल, पण ते बरोबर आहे. मी आधी एका माणसाच्या अंगात राहत होते. तो माणूस आता नाही. मी आहे.

मला डोळे नाहीत. पण अंगातलं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा माझ्यातून जातं, आणि रक्ताला सगळं ठाऊक असतं. माणूस घाबरला, धावला, उपाशी राहिला, की मला कळतं. बोलणं मला भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू येतं. बाकीचं मी अंथरुणाशेजारी बसून लोकांनी पुन्हापुन्हा सांगितलेलं ऐकून जोडलं आहे.

माझा पहिला माणूस पत्रू नरोटे. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात तीस घरांचं गाव आहे, तिथला. त्याच्या पाठीशी, बरगड्यांच्या खाली, आम्ही दोघी बहिणी होतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी डावी. आमचं काम एकच. रक्त आलं की त्यातली घाण काढायची, चांगलं ते परत पाठवायचं, उरलेलं पाणी सोडून द्यायचं. किती पाणी सोडायचं आणि किती धरून ठेवायचं याचा निरोप वरून, डोक्यातून यायचा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला पत्रू सूर्य उगवायच्या आधी निघायचा आणि दुपारपर्यंत त्याचा घसा कोरडा पडायचा. मग वरून निरोप यायचा, पाणी धर. तो नाल्यावर ओणवा होऊन पोटभर पाणी प्यायचा. मग निरोप यायचा, पाणी सोड. एकेचाळीस वर्षं आम्ही त्या आवाजावर चाललो. आमचं नाव कोणी कधी घेतलं नाही, आणि तेच बरं होतं. किडनीचं नाव घरात निघालं की काहीतरी बिघडलेलं असतं.

पत्रूला मंगली नावाची बायको होती. मूलबाळ नव्हतं. दोघं मोहफूल वेचायची, धानाची शेती करायची, आणि पत्रू मध काढण्यात पटाईत होता.

त्याच्या तिसाव्या वर्षी पावसाळ्यात गावात हिवताप पसरला. सायकलवरून एक सुईवाला यायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. त्याच्याजवळ एकच सुई होती. ती तो ओल्या कापडानं पुसायचा आणि एका दंडातून काढून दुसऱ्या दंडात घालायचा. त्या दिवशी पत्रूच्या आधी किती जणांना टोचलं होतं, मला ठाऊक नाही. पण सुई निघाली आणि थोड्या वेळात माझ्याकडे जे रक्त आलं, त्यात कोणीतरी होतं.

मित्रांनो, ते काय होतं हे मला खूप नंतर कळलं. डॉक्टर त्याला हिपॅटायटिस सीचा विषाणू म्हणतात. तेव्हा मला एवढंच कळलं की ते जिवंत नाहीत आणि मेलेलेही नाहीत. ते बोलत नव्हते, भांडत नव्हते. ते उजव्या बरगड्यांखालच्या मोठ्या यकृतात जाऊन बसले आणि स्वतःसारखे दुसरे घडवू लागले. सगळ्यांचा चेहरा एक. दर फेरीला ते माझ्यासमोरून जायचे आणि दर फेरीला थोडे जास्त असायचे. पत्रूला काही दुखलं नाही, डोळे पिवळे झाले नाहीत. अकरा वर्षं ते त्याच्यात राहिले. कधी कधी दुपारी तो विनाकारण थकून बसायचा, आणि मंगली म्हणायची की ऊन लागलं. मला ऊन नव्हे ते माहीत होतं. पण मी कोणाला सांगणार?

मग चैत्रातली एक सकाळ आली. पत्रू मधासाठी येनाच्या उंच झाडावर चढला होता. त्याचं रक्त शांत होतं, हात सवयीचे होते. एकदम रक्तात भीती आली आणि लगेच मोठा आघात. खाली दगड होता. डोकं त्याच्यावर आपटलं.

त्याला आधी गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला. नळ्या घातल्या. छातीत हवा यंत्र भरू लागलं. हृदय चालू होतं, रक्त येत होतं, ऊबदार होतं. पण तिसऱ्या दिवशी वरून येणारा निरोप थांबला.

ते कसं होतं, कसं सांगू? घरात दिवे लागलेले आहेत, चुलीवर भात शिजतो आहे, दार उघडं आहे, आणि घरात कोणी नाही. मी वाट पाहिली. पाणी धर, असं कोणी म्हणेना. पाणी सोड, असंही कोणी म्हणेना. मग मी सोडतच राहिले. माझी बहीणही सोडतच राहिली. परिचारिका पिशव्या बदलून दमली आणि डॉक्टरला म्हणाली की हा माणूस सगळं पाणी सोडून राहिला आहे. डॉक्टरनं पुढे होऊन पत्रूच्या डोळ्यांवर विजेरी धरली. त्याला त्याचा अर्थ ठाऊक होता.

त्यांनी दोनदा तपासलं, मध्ये काही तास सोडून. मग मंगलीला आणि तिच्या भावाला, दसरूला, एका खोलीत बसवून सांगितलं की मेंदू मरण पावला आहे, पत्रू आता परत येणार नाही. दसरूनं ते गोंडीत सांगितलं. मंगली उठून पत्रूजवळ आली. त्याचा हात हातात घेतला. मग मराठीत, डॉक्टरांना कळावं म्हणून, तिनं विचारलं, "मेला म्हनता. मंग आंग गरम काऊन आहे?"

तिथल्या एका डॉक्टर बाईंनी समजावलं की यंत्र बंद केलं की ऊबही जाईल. आणि मग अगदी हळू विचारलं की याचे अवयव कोणाला द्यायचे का? त्यांनी लपवलं काही नाही. त्याच्या रक्तात एक रोग सापडला आहे, त्यामुळे यकृत कामाचं नाही, पण दोन्ही किडन्या चांगल्या आहेत. घेणारा तयार असेल तर देता येतील, आणि तो रोग आता गोळ्यांनी बरा होतो, असं त्या म्हणाल्या. दसरूनं हे सगळं बहिणीला सांगितलं. त्यालाच ते नीट उमजलं नव्हतं.

मंगली म्हणाली, "जंगलात कोनी तहानला भेटला, तं थो आपल्या तुंब्यातलं पानी देऊन टाके. घरी कोरडा ये. त्याले इचारलं असतं, तं थो नाई म्हनाला नसता." आणि तिनं अंगठा उमटवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघींना बाहेर काढलं. आमच्यातून बर्फासारखं पाणी सोडून पत्रूचं उरलेलं रक्त धुऊन टाकलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यात काहीच वाहत नव्हतं. एका पेटीत मला ठेवलं, दुसऱ्या पेटीत बहिणीला. झाकणं लागली. रक्त गेलं होतं, पण माझ्या घड्यांमध्ये ते बसलेले होते, हलत नव्हते, थंडीत थांबून राहिले होते. त्या अंधारात मला सोबत होती ती त्यांचीच.

बाहेर फोन चालले होते. ज्याच्यासाठी माझी बहीण ठरली होती तो माणूस वाटेत होता. पण "रोगी किडनी" हा शब्द घरच्यांनी मनात घेतला आणि गाडी अर्ध्या वाटेवरून वळवली. मग दुसऱ्याला फोन गेला, तिसऱ्याला गेला. रोगाचं नाव ऐकलं की पलीकडून आवाज बंद होत होता. बर्फात आमची वेळ मोजकी असते. माझी पेटी उचलली गेली. तिची तिथेच राहिली. नंतर वॉर्डात कोणी कोणाला सांगताना मी ऐकलं की दुसरी किडनी वाया गेली. ती माझ्याइतकीच धड होती, मित्रांनो. आम्ही एका पोटात वाढलो, एकच पाणी गाळलं. तिला कुठे टाकलं ते मला अजूनही माहीत नाही.

मला जिच्यासाठी नेलं तिचं नाव संघप्रिया. घुग्घुसची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. वडील कोळसा खाणीत होते, ते वारले. घरी आई मीराबाई, भाऊ संघपाल, त्याची बायको दिव्यानी आणि त्यांची लहान मुलगी. संघप्रियाच्या दोन्ही किडन्या तिच्या तिशीच्या आधीच आटल्या होत्या. चार वर्षं ती आठवड्यातून तीनदा चंद्रपूरला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायची. आईला साखरेचा आजार, म्हणून आईची किडनी चालेना. भावाची तपासली तर त्याच्या स्वतःच्याच किडन्यांत दोष निघाला. तिच्याबरोबर यंत्रावर बसणाऱ्या सात जणांपैकी चौघं एकेक करून यायचे थांबले होते. त्यांच्या खुर्च्यांवर आता दुसरे बसत.

महिनाभर आधी डॉक्टरांनी तिला विचारलं होतं की हिपॅटायटिस सी असलेल्या माणसाची किडनी घेशील का? तुला तो रोग नाही, पण किडनीबरोबर तो तुझ्यात येईल. मग तीन महिने गोळ्या, आणि शंभरातल्या पंच्याण्णव जणांतून तो पूर्ण जातो. उरलेल्या पाचांचं काय, हे तिनं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना दुसऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि कधी कधी त्रास होतो. मीराबाई ऐकायला तयार नव्हती. रोग कोणी दारातून हात धरून आत आणतं का, असं तिचं म्हणणं. चार दिवस मायलेकींचं बोलणं बंद होतं. शेवटी संघप्रिया म्हणाली, "आई, त्या यंत्रावर बसून मी रोज थोडी थोडी मरून राह्यली. हा रोग तरी गोळीनं जाते. माहा रोग नाई जात." मीराबाई उठून आत गेली आणि तिची दवाखान्याची पिशवी भरू लागली.

मला पत्रूसारखं पाठीशी बसवलं नाही. पोटाच्या खालच्या बाजूला, उजव्या कुशीत, कातडीच्या जवळ बसवलं. आणि तिच्या जुन्या दोघी, त्या कोणी काढल्या नाहीत. काढत नाहीत. त्या अजून मागे तिथेच आहेत, आटलेल्या, बोराएवढ्या नाही पण फार मोठ्याही नाहीत, ओसाड घरांसारख्या. त्यांना रक्त जातं. त्या काही करत नाहीत. पहिले काही दिवस मला सारखं वाटे की त्या माझ्याकडे बघताहेत.

चिमटे सुटले. ऊबदार रक्त आलं. ते पत्रूचं नव्हतं. त्याची चव निराळी, घाई निराळी. मी घाबरले. आणि तेवढ्यात वरून निरोप आला. पाणी सोड. तेच शब्द, मित्रांनो. आवाज दुसऱ्याचा.

मी सोडलं. चार वर्षं ज्या बाईच्या अंगातून थेंब निघत नव्हता, तिथे टेबलावरच धार लागली. डॉक्टर हसल्या, कोणीतरी मला "शहाणी आहे" म्हटलं. आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी. पण मला त्यांच्याबरोबर हसता येईना. कारण घड्यांतले ते जागे झाले होते. एकेक करून ते माझ्यातून उतरले आणि नव्या रक्ताबरोबर आत निघून गेले. त्यांना वाट विचारावी लागली नाही. पाचव्या दिवशीच्या तपासणीत ते तिच्या रक्तात सापडले. यकृतापाशी पोचले होते. ज्या अंगानं मला जागा दिली, त्या अंगात मी त्यांना घेऊन आले होते.

त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या. एक गोळी, रोज, ठरलेल्या वेळी. माझ्यावर तिच्या अंगानं हल्ला करू नये म्हणून दुसऱ्या गोळ्या होत्याच, त्या तर आयुष्यभराच्या.

घुग्घुसला परत आल्यावर घर बदललेलं होतं. दिव्यानीनं तिचा पेला, ताट, टॉवेल वेगळा काढून ठेवला. एकत्र जेवल्यानं हा रोग लागत नाही, रक्तातून रक्तात गेला तरच लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिव्यानीला ते पटत होतं, पण हात ऐकत नव्हता. लहान मुलगी आत्याकडे निघाली की ती तिला मधूनच उचलून न्यायची. संघप्रिया आपला वेगळा पेला स्वतःच धुऊन ठेवायची. तिचं रक्त मात्र त्या वेळी जड व्हायचं.

मीराबाईची भीती निराळी होती. ती लेकीकडे टक लावून बघायची. ही उजवीकडे झुकून चालते, आधी अशी चालत नव्हती. ही अंगणात उकिडवी बसते, आधी खुर्ची लागायची. हिला आता उशिरापर्यंत झोप येत नाही, हिला पहाटेच जाग येते. एकदा तिनं शेजारणीला कुजबुजून सांगितलं की पोरगी आली, पण एकटी नाही आली. मी सांगू शकले असते तर सांगितलं असतं की झुकून चालते ती टाक्यांमुळे, आणि चार वर्षं मेलेल्यासारखी झोपलेली बाई बरी झाली की तिला पहाटे जाग येतेच. पत्रू मी आणला नव्हता. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

गोळ्यांनी काम केलं. दर फेरीला ते कमी होत गेले. अकरा वर्षं ज्यांना पाहिलं ते चेहरे, म्हणजे तो एकच चेहरा, विरळ होत गेला. आषाढात एक दिवस फेरी आली आणि त्यात कोणीच नव्हतं. आश्विनात पुन्हा तपासलं, तेव्हाही कोणी नाही. डॉक्टर म्हणाल्या की आता ते कायमचे गेले. दिव्यानीनं त्या संध्याकाळी स्वतः होऊन वेगळा पेला बाकीच्या पेल्यांत ठेवला आणि मुलीला आत्याच्या मांडीवर बसवलं. मुलगी खूप वेळ बसली.

पण आता मी एक गोष्ट सांगते, ती मला समजावता येत नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी संघप्रिया घरी वह्या तपासत होती. बाहेर ट्रक जात होते, खिडकीत कोळशाची धूळ बसली होती. मला हाक आली. वरून नव्हे. जिकडून रक्त येतं तिकडूनही नव्हे. कोणीतरी लांबून, पाण्यावरून बोलावं तसं म्हणालं, पत्रू. खोलीत कोणी नव्हतं. मी थांबले. एका किडनीनं थांबू नये, पण मी थांबले. संघप्रियानं पेन ठेवून उजव्या कुशीवर हात ठेवला. दिवाळीनंतर एकदा तसंच झालं. पौषात तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी तिला रोजचं पाणी आणि लघवी वहीत लिहायला सांगितलं होतं. त्या तीन दिवशी लघवी निम्मी लिहिलेली आहे. तपासण्या केल्या, काही निघालं नाही.

संघप्रियाच्या मनाला दुसरीच टोचणी होती. दवाखान्यानं तिला माझ्या पहिल्या माणसाचं नाव सांगितलं नव्हतं, सांगत नाहीत. पण वर्तमानपत्रात त्याच आठवड्यात गावासकट नाव छापून आलं होतं आणि संघपालनं तो कागद जपून ठेवला होता. तिला वाटे की त्या माणसाला हा रोग कुठून तरी लागला असणार, मग त्याच्या बायकोचं काय, गावाचं काय? डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या की घरच्यांना तपासणीसाठी पत्र गेलं आहे. संघप्रिया शिक्षिका होती. पत्र गेलं म्हणजे वाचलं गेलं असं नाही, हे तिला ठाऊक होतं. माघात ती संघपालला घेऊन निघाली. मूल गावावरून गडचिरोली, धानोरा, आणि पुढे भाड्याच्या जीपनं जंगलात.

रस्ता लागला तशी मला ती वळणं ओळखू आली. मित्रांनो, मी डोळ्यांशिवाय राहते, पण चाकाखालचा उतार आणि हवेतला ओलावा रक्तात उतरतो.

मंगली अंगणात धान पाखडत होती. संघप्रियानं आपण कोण ते सांगितलं. मंगलीनं सूप खाली ठेवलं आणि बसायला चटई टाकली. पत्र होतं. कुडाच्या फटीत खोचलेलं होतं, न फोडलेलं. आत इंग्रजी होतं. संघप्रियानं ते वाचून मराठीत सांगितलं, शेजारून आलेल्या दसरूनं गोंडीत. तुमच्या माणसाच्या रक्तात रोग होता, तो तुमच्यातही असू शकतो, दिसत नाही, पण आतून यकृत खातो, तपासून घ्या, गोळ्यांनी बरा होतो, मी झाले.

मंगलीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थो अजून घरी नाई आला."

दसरूनं समजावलं. माणूस गेला की त्यांच्यात नदीवर जाऊन त्याला नावानं हाक मारतात. घागर पाण्यात बुडवतात. मासा, खेकडा, जे जिवंत घागरीत येईल ते तोच, असं समजून त्याला घरी आणतात. पत्रूसाठी तीनदा गेले. तिन्ही वेळा घागर रिकामी आली. संघप्रियानं विचारलं की कधी कधी गेलात? तो म्हणाला, एकदा निंदणी संपल्यावर, पोळा होऊन गेला होता. एकदा दिवाळीच्या बाजारानंतर. एकदा आत्ता, पौषात. संघप्रियाच्या पिशवीत ती वही होती. तिनं ती काढली, पानं उलटली, त्या तीन दिवसांवर बोट टेकवलं, आणि परत ठेवली.

मंगली म्हणाली, "म्हातारे म्हनतात, त्याचं एक अंग जिवंत आहे म्हून थो अडकला. तू एकदा नदीवर चाल."

संघप्रिया लहानपणापासून विहारात जाणाऱ्या घरातली. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. तिनं खोटं बोलणं टाळलं. "मंगलीबाई, मी आत्मा मानत नाई. पन तुम्ही म्हनाल तिथी उभी राहीन."

"मी तुले मानाले नाई सांगून राह्यली," मंगली म्हणाली. "उभी राह्य."

भर दुपार होती. कठाणी नदी माघात बारीक झालेली असते, वाळूत दोन ठिकाणी वाहते. संघपाल नको म्हणत होता, कारण डॉक्टरांनी तिला उघड्या पाण्यापासून जपायला सांगितलं होतं. ती तोंडाला फडकं बांधून फक्त घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. गावातला म्हातारा कोलू पुढे झाला. त्यानं हाक मारली. पत्रू.

तीच हाक. पण आता जवळून.

मी थांबले. संघप्रियाचं हृदय चालत होतं, रक्त येत होतं, आणि मी ते तसंच धरून उभी होते. पाठीमागच्या त्या दोघी, ज्या वर्षानुवर्षं काही करत नव्हत्या, त्याही ऐकत होत्या असं मला वाटलं. मग माझ्यातून काहीतरी निघून गेलं. मित्रांनो, मी गाळणी आहे. माझ्यातून जे जातं ते मला ओळखता येतं, पाणी, मीठ, अंगातली घाण. हे त्यातलं काही नव्हतं. त्याला वजन नव्हतं. ते गेल्यावर मात्र मी हलकी झाले.

मंगलीनं घागर उचलली. आत बोटाएवढा एक मासा होता.

तिनं घागरीच्या तोंडावर हात ठेवला आणि ती चालू लागली. घरी पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नसतं, असं कोलूनं आधीच सांगितलं होतं. संघप्रिया ते मानत नव्हती. पण तिनंही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ती हाक मला कधी आली नाही.

संघप्रिया गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात जाऊन बसली, अर्ज दिले, पुन्हा गेली. फाल्गुनात तपासणीची गाडी गावात आली. अठ्ठावन्न लोकांचं रक्त घेतलं, प्रत्येकाला नवी सुई, समोर पाकीट फोडून. नऊ जणांत ते निघाले. मंगलीत होते. कोलूत होते. त्या एका पावसाळ्यापासून ते त्या गावात घरोघर राहत होते, आणि नदीकाठी आमच्याभोवती जे उभे होते त्यांच्यातही ते उभे होते. गोळ्या आल्या. आठ जण बरे झाले. कोलूला उशीर झाला होता, त्याचं यकृत उरलं नव्हतं. मोहफुलं पडायच्या दिवसांत तो गेला.

मित्रांनो, मी फार दिवस टिकेन असं नाही. दिलेली किडनी दहा वर्षं चालते, कोणाची पंधरा, कोणाची वीस. तोवर मी गाळत राहीन. माझं मागणं थोडंच आहे. दुसऱ्याला टोचलेली सुई स्वतःला टोचू देऊ नका, कोणी कितीही मोठा डॉक्टर म्हणवत असला तरी. रक्त तपासून घ्यायला लाजू नका. ज्याच्यात रोग निघाला त्याचा पेला वेगळा काढू नका. आणि तुमच्या घरी कधी तशी वेळ आली, तर बर्फाच्या पेटीत पडून राहिलेल्या माझ्या बहिणीसारखी कोणाची गत होऊ देऊ नका. ती चांगली होती.

गोळ्या संपल्यावर शेवटचा अहवाल घ्यायला मंगली गडचिरोलीला आली, तेव्हा संघप्रियाही शाळेला सुट्टी टाकून आली होती. अहवाल स्वच्छ होता. बस यायला वेळ होता. दोघी स्थानकावरच्या बाकावर बसल्या. मंगलीनं विचारलं, कुठे आहे? संघप्रियानं तिचा हात धरला आणि साडीवरून आपल्या उजव्या कुशीवर ठेवला.

पत्रूच्या अंगात मी पाठीशी फार खोल होते. वीस वर्षं ती त्याच्याशेजारी निजली, पण तिचा हात माझ्यापर्यंत कधी पोचला नव्हता. आता मध्ये फक्त कातडी होती. तिची बोटं थोडी दाबली, थांबली. तिला मी लागले. माझ्या अंगावरून तो तळहात, धानानं आणि मोहानं खरखरीत झालेला, एकदा वरून खाली गेला.

बस आली. मंगलीनं हात काढला, पदर सारखा केला.

"पानी पेत जा, माय," ती संघप्रियाला म्हणाली, आणि बसमध्ये चढली.